पडशीभर पुस्तकं आणि जानकूचा पाय

"एका माणसाला एक पिशवी," गेणूभाऊंनी दारातच सांगून टाकलं. "पिशवीत मावतील तेवढी पुस्तकं न्यायची आणि मृग लागला की परत आणायची."

बानूबाईनं खांद्यावरची पडशी खाली घेतली आणि झटकली. घोड्याच्या पाठीवर टाकायची पडशी ती. दोन अंगांना दोन खोल कप्पे, एकेकात कोकरू निवांत झोपेल एवढे. इतकी वर्षं त्यात कोकरंच झोपत आली होती.

गेणूभाऊ पडशीकडे बघत राहिले. "ही पिशवी?"

"पिशवीच हाय. घोड्याची हाय, एवढंच."

"मग सभासद घोड्याला करावं लागंल."

"घोडं वाचत न्हाई, भाऊ. न्हाईतर त्यालाच धाडलं असतं."

गेणूभाऊ हसले आणि तिथंच फसले. हसलेल्या माणसाला नियम पुन्हा सांगता येत नाही. बानूबाई आत शिरलीसुद्धा होती.

कळंबचं वाचनालय म्हणजे देवळाला लागून असलेली एक लांबट खोली. एरवी ती पुस्तकांची, लग्नसराईत वऱ्हाडाची. नवरदेवाकडची माणसं उतरवायला गावात दुसरी बरी जागा नव्हती. कपाटं भिंतीकडे सरकवायची, कुलपं घालायची, वरून चादरी टाकायच्या, की झाला जानवसा. मागं एकदा कुणीतरी नकाशांच्या पुस्तकावर जिलबी ठेवली होती. तेव्हापासून गेणूभाऊ कुलपं दोनदा ओढून बघत. १९९९ च्या त्या उन्हाळ्यातलं पहिलं वऱ्हाड उद्याच येणार होतं. म्हणजे पुस्तकं निवडायची ती आज, आत्ता, आणि अख्ख्या उन्हाळ्याची.

बानूबाई त्यासाठी लग्नातलं लुगडं नेसली होती.

पन्नाशी उलटलेली ही बाई, आणि तिनं अख्खं पुस्तक म्हणून कधी वाचलं नव्हतं. तिचा जन्मच वाटेवरचा, माळशेजच्या पायथ्याला. आईनं तिला पडशीत घातलं आणि कळप पुढं निघाला. मग लग्न झालं ते जानकूशी, म्हणजे पुन्हा कळपाशीच. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, उन्हाळा सरता सरता वर यायचं, चार महिने गावात. अशाच एका पावसाळ्यात देवळात साक्षरतेचा वर्ग निघाला. बाकीच्या बाया सही शिकून घरी गेल्या. बानूबाई बसून राहिली. मग तिनं जे दिसेल ते वाचलं. एसटीच्या पाट्या, साबणाचे कागद, भेळेच्या पुड्या. पुड्यांचा एक त्रास होता.

"एका पुडीवर एका बाईनं नवऱ्यावर दावा लावलेला व्हता," ती गेणूभाऊंना सांगत होती. "निकाल काय लागला ते दुसऱ्या पुडीवर. ती पुडी एका मास्तरनं नेली. मी त्याच्या मागं फर्लांगभर गेले."

"मिळाली?"

"खाऊन फेकली व्हती, कुत्र्यानं चाटली व्हती. अक्षर ऱ्हायलं न्हाई."

पण आज ती स्वतःच्या हौसेसाठी आली नव्हती. म्हणजे हौस होतीच, डोळ्यांत मावत नव्हती. पण खरं कारण घरी खाटेवर पडलं होतं.

माघात कोकणात कोकरांसाठी डहाळे तोडताना जानकू उंबरावरून पडला. पाय मोडला. मंचरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, बसून राहा म्हणाले. पंधरवडा झाला नसेल, रस्त्यानं दुसऱ्या कुणाचा कळप चाललेला ऐकला आणि जानकू बघायला उठला. प्लास्टर तडकलं, हाड सरकलं. डॉक्टरांनी पुन्हा घातलं आणि या वेळी जानकूशी बोललेच नाहीत, बानूबाईशी बोलले.

"मृगापर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. आता सरकलं तर वाकडंच जुळणार. मग मेंढरामागं जायचं विसरा."

मागून जानकू "हां, हां" म्हणाला. त्या 'हां'चा अर्थ बानूबाईला लग्नापासून माहीत होता.

हा माणूस बसणारा नव्हे. जेवायचा उभ्यानं, पेंगायचा काठीवर हनुवटी टेकून. घरात टीव्ही होता, शहरात कामाला असलेल्या लेकानं आणलेला. जानकूनं तो एक दिवस पाहिला. "त्यातली माणसं हिंदीत रडत्यात," तो म्हणाला. "मला हिंदीत रडल्यालं कळत न्हाई."

त्याला आजवर एकाच गोष्टीनं बसवून ठेवलं होतं, ती म्हणजे गोष्ट. मेंढरं वाड्यात कोंडली की वाड्याबाहेर गोष्ट लागायची. सांगणारा एक ओळ सांगणार, ऐकणारा "हूं" म्हणणार. हुंकारा नसेल तर सांगणारा गप्प. आणि ज्यानं पहिला हुंकारा दिला, त्यानं गोष्ट संपेपर्यंत उठायचं नाही. गोष्ट दहा दिवस चालली तर दहा दिवस तिथंच यायचं. जानकू आयुष्यात कुणाचं देणं एकवेळ विसरला असेल, पण हुंकारा त्यानं मोडला नव्हता.

मग सोपं आहे की. गोष्टी वाचायच्या, नवरा बसतो, हाड जुळतं. नाही, सोपं नव्हतं. संध्याकाळ गोष्टीची. पण उन्हाळ्यातला दिवस केवढा लांब, आणि दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. पोरांनी कामाच्या वेळी गोष्टीचा हट्ट धरू नये म्हणून सगळ्याच आया असं सांगतात. पण या घरात ते हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. त्यांच्या लेकाचा, सोमनाथचा मामा, म्हणजे बानूबाईचा भाऊ चिमाजी, यंदा स्वतःची आणि जानकूची अशी दोन घरची मेंढरं एकटा घेऊन कोकणातून येत होता. मामा खरोखरच वाटेवर होता.

म्हणून बानूबाईला दोन तऱ्हेची पुस्तकं हवी होती. पडशीचा एक कप्पा संध्याकाळचा, गोष्टीचा. दुसरा दिवसाचा. त्यात गोष्ट नको, पण माणूस खाटेवरून हलायला नको.

"हे असलं वर्गीकरण आमच्याकडं नाय," गेणूभाऊ म्हणाले.

"मग आज करू. आधी गोष्टीचं कपाट उघडा. मी वाचते, तुमी हुंकारा द्या."

"मी कशाला? मला कुलपं लावायचीत."

"मग काय भितीला सांगू?"

तिची निवडायची तऱ्हा बाजारातली. मेंढरं विकणारा चांगली मेंढी पुढं उभी करतो, म्हणून आपण कळपाच्या मध्ये शिरायचं. तिनं एक हिरव्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक मधोमध उघडलं, बोट ठेवलं आणि वर्गात शिकवलं होतं तसं खड्या आवाजात वाचलं. "सु-भद्रेने दिवा मालवला आणि दार उघडले."

आणि थांबली. गेणूभाऊ किल्ल्या मोजत होते. किल्ल्या मोजायच्या थांबल्या.

"मग?" ते म्हणाले.

"मग म्हणालात. पडशीत."

"अहो, मी आपलं सहज..."

"सहजच निघाया पायजे."

दुसरं उघडलं. "जीवन हे एका अथांग सागरासारखे असून मानवाने त्यात..." गेणूभाऊंना जांभई आली. पुस्तक परत गेलं. तिसऱ्यात एक सासरा विहिरीत उतरला होता आणि वर दोर धरायला कुणी नव्हतं. गेणूभाऊ "अरे, मग पोरं कुठं गेली?" म्हणाले. ते पडशीत. चौथ्यात नुसता चंद्र होता, दोन पानं चंद्रच. परत. हळूहळू गेणूभाऊंना चव लागली. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला आणि स्वतःच कपाटातून काढून देऊ लागले. "हे बघा बरं. ह्याला मी हूं म्हणतो का बघा."

संध्याकाळचा कप्पा भरला. आता दिवसाचा.

"माहितीचं कपाट हे," गेणूभाऊ म्हणाले. "लोणच्यांचं आहे बघा, सुरेख."

"लोणच्यानं माणूस उठून सैपाकघरात जाईल."

"जनावरांचे आजार?"

"लिहिणाऱ्याचं आन् त्याचं पटायचं न्हाई. भांडाया उठंल."

"नकाशे घ्या मग."

"नकाशे तर बिलकुल नगं, भाऊ. वाट बघितली की पाय चाळवत्यात."

मधमाश्यांचं पुस्तक मिळालं. ताऱ्यांचं मिळालं. ते बघून ती हरखलीच. खोडदला आभाळ बघायच्या दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या तबकड्या उभ्या केल्या तेव्हापासून जानकूला कोडं होतं, की एवढी भांडी आभाळाकडं तोंड करून का ठेवली, उपडी का नाही घातली. मग गेणूभाऊंनी 'प्रवास' लिहिलेल्या फळीवरून एक लाल पुस्तक काढलं. बर्फाच्या डोंगरातला प्रवास.

"ह्यात गोष्ट न्हाई ना?"

"छे. माहिती. उंची, थंडी, सामान काय न्यावं. दोघं जण डोंगर चढतात, एवढंच."

"आन् उतरत्यात?"

"उतरत असतील. मी वाचलं नाय."

बानूबाईनं मधोमध उघडलं. दोराला गाठ कशी मारावी याचं वर्णन होतं, खाली चित्र. "ही गाठ आमचा बाप मारायचा," गेणूभाऊ म्हणाले. बानूबाईनं विचार केला. प्रवास आहे खरा, पण बर्फातला. आपल्याकडं बर्फ नाही, त्यामुळं उठून जावंसं वाटायचं नाही. लाल पुस्तक दिवसाच्या कप्प्यात गेलं. इथं तिची चूक झाली, पण ती कळायला अजून महिना होता.

पडशी खांद्यावर टाकून ती निघाली तेव्हा अशी वाकली होती की रस्त्यावर कुणीतरी विचारलं, "बानूबाय, कोकरं का?"

"जुळी हायेत," ती म्हणाली.

जानकूनं खाटेवरून बघितलं. "काय आणलंस हे?"

"तुमचा पाय."

"पायाला प्लास्टर हाय ना."

"ते भायेरून. हे आतून."

सून निर्मला ओसरीवर कांदा निवडत बसली होती. सातवीपर्यंत शिकलेली, जिभेला धार. "आत्या, एवढी सगळी? परीक्षेला बसताय का आबांना बसवताय?"

"बसवतेच हाय त्यांना. परीक्षा माझी हाय."

बानूबाईचं वाचन सावकाश. बोट पुढं चालायचं, मागून आवाज यायचा. जोडाक्षर आलं की गाडी चढाला लागल्यासारखी थांबायची, मग एक हिसका देऊन वर. पण जानकूलाही घाई नव्हती. मेंढरांच्या चालीनं चाललेला माणूस तो, ही चाल त्याला मानवली. शिवाय मधमाश्यांनी पहिल्याच दिवशी कमाल केली.

"मधमाशीला पाच डोळे असतात," बानूबाईनं वाचलं.

"पाच? कुणी मोजले?"

"लिवलंय."

"लिवणाऱ्याला माशी चावली न्हाई का मोजताना?" यावर दुपार गेली. दुसऱ्या दिवशी राणीमाशीवर गेली. तिसऱ्या दिवशी जानकूनं निर्मलाला हाक मारून सांगितलं की पोळ्यात कामं सगळ्या बाया करतात आणि नर नुसते बसून खातात. निर्मला म्हणाली, "मग तुमाला पोळ्यातच बरं वाटत असंल, आबा."

संध्याकाळी हिरवं पुस्तक. सुभद्रेनं दार उघडेपर्यंत अर्धं पुस्तक जायचं होतं, पण पहिल्या पानावरच जानकूनं "हूं" म्हटलं. बानूबाईनं मान वर केली नाही. नुसता श्वास सोडला. हुंकारा पडला, आता हा माणूस बांधला गेला. चार दिवसांनी निर्मला भांडी घासायची सोडून दारात उभी राहू लागली. आठवड्यानं भांडी ओसरीवरच आली, आणि राखेच्या हातांनी तिनं सांगितलं, "आत्या, तो दीर बरा न्हाई. बघा तुमी."

चैत्र असा गेला. मधमाश्या संपल्या, तारे संपले, सासरा विहिरीतून निघाला. बानूबाई तर हरखून गेली होती. भाकरी थापताना तिला मधलीच ओळ आठवायची आणि तव्यावरची करपायची. पुस्तकाला दुसरी पुडी शोधावी लागत नाही, पुढचं त्याच्या पुढंच असतं, याचंच तिला रोज नवल वाटे. आणि पाय खाटेवर होता.

मग वैशाखात, एका दुपारी, लाल पुस्तक उघडलं.

आधी सगळं नीट होतं. सामानाची यादी, गाठी, बर्फावर कसं चालावं. जानकूला गाठी आवडल्या. त्यानं खाटेच्या सुंभाला एक मारूनही पाहिली. आणि तिसऱ्या दुपारी, कुणाला काही कळायच्या आत, डोंगरावर धुकं उतरलं. दोघांतला एक पुढं गेला. मागच्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही.

"हूं," जानकू म्हणाला.

बानूबाई थांबली. "तुमी हूं म्हणालात."

"म्हणालो."

"दिवसा."

दोघंही बाहेर बघू लागले. ऊन टळटळीत होतं. माळशेजच्या दिशेला आभाळ कोरडं.

"गेणूभाऊनं सांगितलं व्हतं गोष्ट न्हाई म्हणून," बानूबाई पुटपुटली. "मिटते. संध्याकाळी वाचू."

"आगं, तो तिथं धुक्यात उभाय आन् तू मिटते कशी?"

"मामा वाटंवर हाय."

"अर्धी टाकली तरी वाट चुकतीयच की. हुंकारा झाला." जानकूनं डोकं खाजवलं. मग त्याला सुचलं. "हे खरं घडलंय का कुणी रचलंय?"

बानूबाईनं पुठ्ठा बघितला, पहिलं पान बघितलं. "घडलंय म्हणतोय."

"मग ती गोष्ट न्हवं. ती खबर झाली. खबर दिवसा सांगत्यात. वाच."

निर्मला कांद्यातून म्हणाली, "आबा वकील व्हायचे, मेंढरात राहिले."

बानूबाईनं वाचलं. तिलाही वाचायचंच होतं, हेही खरं. दोन दुपारी त्या धुक्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच भावकीतला एक कळप रस्त्यानं आला. राखणारा पाणी प्यायला थांबला.

"चिमाजी कुठंवर आलाय?" जानकूनं विचारलं.

"आमच्या म्होरं व्हता की. घाट आमच्या आधी चढला. आला न्हाई अजून?"

पाणी पिऊन तो गेला. जानकूनं खाटेखालची काठी ओढली.

"ठेवा ती," बानूबाई म्हणाली.

"मी जातो. दोन घरची मेंढरं हायेत. पायाला काय धाड भरलीय, प्लास्टर हाय त्याला."

"डॉक्टर काय म्हणला?"

"डॉक्टरला मेंढरं हायेत का?" त्यानं चांगला पाय खाली सोडला होता. दुसराही सरकवत होता. चेहरा उंबराखाली उचलला तेव्हाचा होता. बानूबाईला दिसलं की आता हात धरून हा माणूस थांबणार नाही. हात धरला तर झटकेल आणि झटकण्यातच पडेल. ती त्याच्यासमोरून बाजूला झाली. कोपऱ्यातली रिकामी पडशी उचलून तिनं खांद्यावर टाकली.

"भाऊ माझा हाय," ती म्हणाली. "दिवसा वाचलं मी. तवा शोधाया मीच जाणार. पाय माझे धड हायेत."

"आन् मी?"

"तुमी हुंकारा दिलाय. तो गडी अजून धुक्यात हाय. निर्मला वाचंल."

"आत्या, कांदा..." निर्मला म्हणाली.

"कांदा पळून जात न्हाई. ह्यांचं तसं न्हाई."

जानकू कुरकुरला. "हिचं वाचन धावतं. एसटीवानी."

"हळू वाचीन, आबा. तुमचं हाड जुळतंय तितकं हळू."

एक पाय खाली, एक वर, काठी हातात, असा जानकू बसून राहिला. बानूबाई मागं न बघता रस्त्याला लागली. मागं बघितलं असतं तर गेली नसती.

नारायणगाव, आळेफाटा, तिथून ओतूरची एसटी. अक्षर आल्यापासून पाट्या वाचत गेली नाही अशी ही पहिली वाट. चिमाजी दरीत दिसत होता आणि जानकू घराच्या पायरीवर कोसळलेला दिसत होता, आलटून पालटून. कुणाची चिंता आधी करावी तेच कळेना. ओतूरच्या पुढं घाटरस्त्याला ती उतरली आणि भेटेल त्याला विचारत सुटली. तिसऱ्याच माणसानं हात केला. "ते काय, त्या वावरात बसवल्यात मेंढरं."

नांगरलेल्या वावरात दोन घरची मेंढरं गोल करून बसली होती. बांधावरच्या आंब्याखाली चिमाजी पाटावर बसून जेवत होता. पानात आमरस.

"चिमाजी," बानूबाई म्हणाली. "तू वाट चुकलास का?"

चिमाजीनं घास खाली ठेवला. "मी? आक्का, ही वाट तर मेंढरांना तोंडपाठ हाय. मालक म्हणला, खतासाठी चार दिवस वावरात बसव, धान्य देतो. आठ दिवस झाले, जाऊ देईना. जावयासारखं वाढतोय."

"निरोप धाडायचा न्हाई?"

"कुणासंगं? रस हाय म्हणून सांगितलं असतं तर सगळेच आले असते."

बानूबाई मटकन बांधावर बसली आणि तिला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. चिमाजीनं तिच्यापुढं वाटी सरकवली. "दाजीला सांग, परवा येतो. तयार ऱ्हा म्हणावं. वरच्या माळावर न्यायचीत मेंढरं, एकट्याला आवरंनात. काठी घेऊन नुसता उभा राहिला तरी चालंल."

"दाजी हलत न्हाई मृगापर्यंत."

"त्यो ऐकंल का?"

रस तसाच ठेवून ती परत एसटीला आली.

कळंबला उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नाशिकच्या बाजूनं आलेले ट्रक रस्त्यात उभे होते, हॉर्न न वाजवता. एका ड्रायव्हरनं टोपी काढली होती. दुसरा हात जोडून उभा. बानूबाईनं माणसांतून पुढं बघितलं.

चौघांच्या खांद्यावर एक खाट रस्ता ओलांडत होती. खाटेवर कुणीतरी उताणं, तोंडावरून धोतर ओढलेलं. खाटेच्या सुंभाला एक गाठ होती, बर्फातली.

तिच्या खांद्यावरची पडशी गळून पडली. ती धावली, ट्रकच्या पुढून, माणसांना ढकलत, आणि तिनं खाटेचा दांडा धरला.

धोतर हललं. आतून जानकूचं तोंड बाहेर आलं.

"आलीस? चिमाजी घावला का?"

टोपी काढलेला ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला. जानकूनं त्याच्याकडं बघून झोपल्या झोपल्या हात जोडले. "रामराम, पावणं. ऊन लई व्हतं म्हणून तोंडावर घेतलं."

"आवो, पाय?" बानूबाईला एवढंच बोलता आलं.

"पाय खाटंवर हाय. खाट चाललीय."

मागून निर्मला धापा टाकत आली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. दुपारीच लाल पुस्तक संपलं होतं. तो धुक्यातला गडी सापडला, बोटं गेली पण सापडला. मग आबा म्हणाले, दुसरं वाच. दुसरं उरलं नव्हतं, पडशीतलं सगळंच वाचून झालं होतं. मग आबा काठी शोधायला लागले, आता मेंढरांसाठी नाही, वाचनालयात जायला. आणि तेवढ्यात ही वऱ्हाडातली पोरं दारात आली, जानवशाला खाट पाहिजे म्हणून.

"मी म्हणालो, खाट घेऊन जावा," जानकू म्हणाला. "पर मी खाली उतरणार न्हाई. डॉक्टरचं सांगणं हाय."

चौघांतला पुढचा पोरगा घामाघूम झाला होता. "आजी, आमी आपली खाट आणाया गेलो व्हतो. आजोबा तिच्यासंगंच आले. मग गेणूभाऊंनी कुलूप काढलं, ह्यांनी तासभर पुस्तकं बघितली, आमच्या नवरदेवाला वाचाया लावली. आता परत पोचवतोय."

"नवरदेवाला?"

"बरा वाचतो," जानकू म्हणाला. "हुंकाऱ्याला थांबत न्हाई, पर शिकंल."

त्यानं धोतर बाजूला केलं. पोटावर पुस्तकांची चळत होती, वरचं तर पाट्याएवढं जाड. बानूबाईनं ते उचललं, वजन बघितलं, आणि मग तिला आठवलं की सांगायचं राहिलं.

"चिमाजी ओतूरला रस खातोय. परवा येतो. तुमाला माळावर चल म्हणतोय. काठी घेऊन नुसतं उभं ऱ्हायलं तरी चालंल म्हणाला."

खाट खांद्यावरच होती. जानकूनं रस्त्याच्या पलीकडं बघितलं, माळ दिसतो तिकडं. बघत राहिला. ट्रकवाल्यांपैकी एकानं हळूच हॉर्न दिला.

"त्याला म्हणावं, माणूस लाव मजुरीनं," जानकू म्हणाला. "मी मृगानंतर येतो. हे जाड हाय, आन् नवरदेवानं त्यातली अर्धी ओळ वाचून ठेवलीय. ती बाई पाण्यात उडी टाकतीय का न्हाई, ते मला अजून कळलं न्हाई."

"कोण बाई?" बानूबाईनं विचारलं.

"तेच तर. तू यायची वाट बघत व्हतो."

"खांदा बदलू का, आजोबा?" मागच्या पोरानं विचारलं.

"बदला, बदला. पर दमानं."

बानूबाईनं पडशी उचलली, पुस्तकं एकेक करून त्यात भरली आणि खाटेच्या पुढं चालू लागली, ट्रकना हात करत, वाट काढत.